शाळेची भिंत

सोमवार, २० एप्रिल

घरात आज इतकी माणसं आहेत की मला माझीच खुर्ची मिळत नाही. तिच्यावर वस्तीतला एक जण मांडीवर ढोल घेऊन पेंगतोय. त्याला उठवायला गेलो तर माझ्या लेकीने, एंगीने, डोळे वटारले. "पा, त्यानं आईची कबर खणलीय. झोपू द्या त्याला." रस्ते खात्यातून निवृत्त होताना आणलेली ही कोरी साइट डायरी घेतली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर येऊन बसलो.

सांगखुमी शुक्रवारी गेली. माझी बायको. शनिवारी माती दिली. तेव्हापासून आमच्या डोंगरातल्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे घर एक क्षण रिकामं नाही. संध्याकाळी गाणी, ढोल, गुळाचा चहा, पुन्हा गाणी, आणि मग पोरं इथेच अंथरुणं टाकतात. दुःखातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही म्हणे. माझ्यासारख्याला एकटं राहायचं असेल तर त्यानं कुठं जावं, याची काही रीत नाही.

सगळे तिच्याबद्दल बोलतात. कुणाची ती मुख्याध्यापिका, कुणाची रविवारच्या शाळेतली बाई, कुणाची आणखी कोण. मी मान हलवतो. बसवत नाही, झोपवत नाही, रडूही येत नाही.

गुरुवार, २३ एप्रिल

गाणारे गेले. एंगी शिलाँगला परतली, तिच्या बँकेत रजा मिळत नाही. खुर्ची मोकळी झाली, तर तिच्यात बसवेना. इकडे-तिकडे फिरत होतो तेवढ्यात उपा बुआंगा आला, बरोबर बायकांच्या मंडळाची पी छुआनी; मोठ्या बाईला आम्ही पी म्हणतो, बुवाला पू. बुआंगा आमच्या चर्चचा उपा, म्हणजे वडीलधारा कारभारी. एकेकाळी माझा जिवलग. आता त्याच्यात आणि माझ्यात एक भिंत आहे, आणि ती खरोखरची भिंत आहे.

"डेंगा," तो म्हणाला, "चौदा जूनच्या रविवारी बायकांची उपासना. त्या दिवशी सांगखुमीचं आयुष्य वाचून दाखवायचं ठरलंय. एका कागदापुरतं. घरच्यानंच वाचायचं असतं, तुला ठाऊकच आहे."

"एंगीला विचारा."

"तिला विचारलं. ती म्हणाली, पा वाचतील."

"मी तुमच्या चर्चची पायरी चढत नाही, हे तिला ठाऊक नाही का?"

"तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, डोंगरापलीकडच्यांनाही ठाऊक आहे," बुआंगा म्हणाला. "तरी विचारायला आलोय."

एंगी कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. चर्चच्या खालच्या अंगाला उतार धरायला भिंत बांधायची होती. मी बांधकाम समितीत होतो. मी म्हटलं, भिंतीच्या पोटातलं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवा, मागे दगडगोट्यांची भर घाला, नाहीतर पावसाळ्यात माती फुगेल आणि भिंत पोट काढून खाली बसेल. बुआंगा सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाच्या घराच्या भिंतीला भोकं? नाताळात खालून येणाऱ्याला काय दिसेल, चाळण?" सगळे हसले. भिंत गुळगुळीत गिलाव्याची बांधली. मी उठून आलो तो आलोच. आमच्या घरापासून वरच्या रस्त्याला जायला वेगळ्या पायऱ्या आहेत. तेव्हापासून चर्चखालची वाट मी तुडवलेली नाही. वरून छप्पर दिसतं, तेवढं पुरे.

"भिंत पडू दे," मी म्हणालो, "मग येतो वाचायला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. छुआनीने नेसलेल्या पुआनच्या टोकाने तोंड पुसलं. माझ्या हट्टाची कीव आली असणार.

जाताना बुआंगा म्हणाला, "तू नाही आलास तर मी वाचेन. कुणीतरी वाचायला हवंच ना." कुत्सितपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो साधेपणानेच म्हणाला. सांगखुमीचं आयुष्य बुआंगाच्या तोंडून! मी संध्याकाळचं जेवण तसंच टाकलं.

बुधवार, २९ एप्रिल

लिहायला बसलो. मी लिहीन, वाचू दे कुणालाही. हे लिहिलं:

"सांगखुमी. जन्म लुंगलेईकडच्या खेड्यात. शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर चर्चची अखंड सेवा. रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरचे मूठभर तांदूळ गोळा करणे. पती व एक मुलगी."

वाचून बघितलं. मधे दोन मोऱ्या आणि एक पूल घातला तर रस्ता पूर्ण झाल्याचा अहवाल म्हणून चालून जाईल. फाडला.

मग म्हटलं, मला तिच्याबद्दल काय ठाऊक आहे जे दुसऱ्या कुणाला नाही? बराच वेळ काही सुचेना. सकाळी ती माझ्याआधी उठून जायची. रविवारी तर तीनदा चर्च. मला कधी एका शब्दानं म्हणाली नाही, चला म्हणून. बाकीच्यांच्या बायका नवऱ्यांना दंडाला धरून नेतात. हिला माझं येणं न येणं सारखंच असावं.

एक मात्र होतं. ऊन उतरायच्या आत आम्ही जेवायला बसायचो, आणि घास घेता घेता ती विचारायची, "एंगीचे पा, शाळेच्या मागच्या भिंतीला ओल आलीय. काय करावं?" मग मी चमचा खाली ठेवायचो. मोहरीच्या पाल्यात शिजवलेलं धुरावलेलं डुकराचं मांस ताटात निवत जायचं आणि मी टेबलावर बोटानं भिंत काढायचो. भोक कुठं पाडायचं, नळी बाहेरच्या बाजूला किती झुकवायची, मागे बारीक दगड आधी की मोठे. ती ऐकायची, पुन्हा म्हणून दाखवायची. चुकली की मी ओरडायचो. चांगली विद्यार्थिनी होती. निवृत्त झाली तरी शाळेच्या भिंतीचा घोर सुटला नाही. मी म्हणायचो, "आता नवा मुख्याध्यापक बघेल की!" ती म्हणायची, "नव्याला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत आमचं दोघांचं बोलणं तेवढंच उरलं होतं. पण हे काय चर्चमध्ये वाचायचं? माझ्या बायकोला गटारांची आवड होती, असं?

शनिवार, २ मे

छुआनी तांदळाची पिशवी घेऊन आली. भात शिजत घालायच्या आधी घरच्या बाईनं त्यातली एक मूठ चर्चसाठी डब्यात टाकायची, ही आमच्याकडे जुनी चाल. शनिवारी ते डबे गोळा होतात. आमच्या वस्तीत हे काम सांगखुमीकडे होतं. आता छुआनीकडे.

डबा रिकामा. मी भात शिजवतो, पण मूठ काढायचं ध्यानात राहत नाही. लाज वाटली. आत जाऊन पोत्यातले तांदूळ ओंजळी ओंजळींनी आणून तिच्या पिशवीत ओतले.

"अहो पू डेंगा, मूठ म्हणतात मूठ! घमेलं नाही."

"हे तिच्या वतीनं. माझा आणि चर्चचा काही संबंध नाही."

"नसू दे. तांदळाला कुठं कळतंय कुणाच्या वतीनं आलोय ते." आणि बसलीच. चहा मीच केला, तर म्हणाली, "गूळ घातलाय की विसरलात?" विसरलो होतो.

मी म्हटलं, सांगखुमीबद्दल काही सांग, लिहायचंय. तर ही हसायलाच लागली. "आम्ही तिला ओव्हरसीअरबाई म्हणायचो."

मला झोंबलं. उभं आयुष्य ओव्हरसीअर होतो मी, पण वस्तीत मला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. "फार हुकूम सोडायची का?"

"हुकूम? पावसाळ्याच्या तोंडावर आम्हा सगळ्या बायकांच्या हातात फावडी द्यायची. पुआन गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभं करायची. आणि वर ओरडायची, नळी सरळ नको, झुकती हवी! माझी सासू सत्तरीची, तिलासुद्धा सोडलं नाही."

"नळी? कसली नळी?"

छुआनी एकदम पिशवीचं तोंड बांधू लागली. "साफसफाई हो. दुसरं काय. चला, अजून अर्धी वस्ती बाकी आहे."

बायकांना एक गोष्ट धड सांगता येत नाही. हे टिपून ठेवतो: हुकूम सोडायची. पण कागदावर हेही शोभणार नाही.

मंगळवार, १२ मे

या आठवड्यात वस्तीतल्या सगळ्या भिंती एकाएकी आजारी पडल्या आहेत. रोज कुणीतरी दारात. "पू डेंगा, जरा आमच्या मागच्या भिंतीकडे बघता का?" जाऊन बघावं तर भिंत ठणठणीत. काल टॅक्सीवाला झोवा घेऊन गेला. त्याच्या संडासाच्या भिंतीला म्हणे तडा. तडा कसला, कोळ्याचं जाळं! पुसून दाखवलं. "अरेच्चा," म्हणाला आणि मग जेवल्याशिवाय सोडलं नाही. इतकी माणसं इतकी बावळट कशी झाली, कळत नाही. पूर्वी कुणी विचारायला यायचं नाही.

झोवा तिचा विद्यार्थी. जेवताना सांगत होता, त्यानं शाळा सोडून टॅक्सी धरली तेव्हा ती खाली टॅक्सीतळावर आली. रागावली नाही. म्हणाली, "रोज मला शाळेत तूच सोडायचंस. आणि चढ लागला की पाढे म्हणायचे, वर पोचेपर्यंत." प्रवासी मागे बसलेले, आणि हा तेराचा पाढा म्हणतोय. कुणी हसलं की ती मागे वळून त्यालाच चौदाचा विचारायची. "अजून चढाला गाडी घातली की तोंडात तेराचा येतो, पू. पोलीससुद्धा हसतात."

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. आणि लगेच रागही आला. मला तिनं हे कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नसेल.

गुरुवार, २१ मे

आज जे झालं ते लिहून काढलं नाही तर डोकं फुटेल.

कागदासाठी नीट माहिती हवी म्हणून तिच्या शाळेत गेलो. पलीकडच्या डोंगरावर, झोवाच्या टॅक्सीतून. नोकरीत असताना माझी बदली कायम बाहेर, त्यामुळे त्या शाळेत मी एका बक्षीस समारंभाला सोडून गेलोच नव्हतो. नवा मुख्याध्यापक चांगला माणूस. चहा, बिस्किटं. तिचं छायाचित्र भिंतीवर. मी म्हटलं, "जरा मागची भिंत बघू या."

"मागची भिंत?" तो बुचकळ्यात पडला. "चला."

मागे कमरेएवढा रचीव दगडांचा बांध. नेचे उगवलेले, दोन ठिकाणी ढासळलेला. एक भोक नाही, एक नळी नाही, वर चर नाही. कुणी कधी हात लावलेला नाही. मी विचारलं, "ही दुरुस्त केलीच नाही का कधी? पी सांगखुमींनी काही करून घेतलं नाही?"

"नाही हो. त्या इथं असताना छपराचं काम झालं होतं. भिंतीचं कधी निघालंच नाही."

मी तिथंच दगडावर बसलो. झोवा म्हणाला, "पू, पाणी आणू?" नको म्हटलं.

म्हणजे इतकी वर्षं मी जेवणाच्या टेबलावर बोटं झिजवली, ओरडलो, समजावलं, ते सगळं वाऱ्यावर! तिला भिंतीशी देणंघेणं नव्हतंच. म्हाताऱ्याला बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारत होती. लहान पोराला चित्र काढायला देतात तसं. आणि मी फुशारकीनं सांगत होतो. ती मान डोलावत होती. आतून हसत असेल.

मला फार लागलं आहे. तिच्यावर एवढा मी कधी चिडलो नव्हतो, आणि चिडायला ती नाही.

शुक्रवार, २२ मे

जुना अहवालछाप मजकूरच पुन्हा लिहिला आणि झोवाबरोबर बुआंगाकडे धाडला. वाच म्हणावं. मी तिचं आयुष्य वाचणारा कोण? मला काय ठाऊक आहे त्यातलं?

एंगीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. तर ती म्हणाली, "पा, एकदा चर्चखालच्या वाटेनं जाऊन या ना."

"कशाला? त्या वाटेला चढ आहे. गुडघे दुखतात."

"पा, तुम्ही ना..." म्हणाली आणि फोन ठेवला. आईवरच गेली आहे. अर्धं बोलायचं आणि सोडून द्यायचं.

मंगळवार, ९ जून

ओले कपडे अजून अंगावरच, पान भिजतंय. तरी लिहितो.

दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. सकाळी ध्वनिक्षेपकावरून हाळी झाली, चर्चच्या खालच्या उताराची माती सुटलीय, ज्यांना येता येईल त्यांनी फावडी घेऊन या. मी खिडकीत उभा राहिलो. म्हटलं, आली वेळ. इतक्या वर्षांनी माझं म्हणणं खरं होणार.

तेवढ्यात छुआनी आली. नखशिखांत भिजलेली, डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं. "पू, भिंतीतून पाणी यायचं बंद झालंय. सांगखुमी असती तर आधी काय करायचं ते तिनं सांगितलं असतं. आता आम्ही कुणाला विचारू?"

"कुठल्या भिंतीतून?"

"चर्चच्या."

"तिला भोकंच नाहीत. पाणी येईल कुठून?"

छुआनी पावसात तशीच माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही चला."

खोटं कशाला बोलू, मी भिंत पडताना बघायला निघालो. छत्री घेतली, काठी घेतली, आणि जिच्यावर पाय ठेवायचा नाही म्हटलं होतं ती वाट उतरलो. खाली वळणावर आलो आणि मान वर केली.

भिंतीला भोकं होती. ओळीनं. वरची ओळ खालच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी. प्रत्येकात नळी, बाहेरच्या अंगाला झुकलेली. गिलाव्यावर ओलीचे लांब डाग, अगदी बुआंगाला नको होते तसे. आणि प्रत्येक नळीच्या खाली जमिनीत एकेक चपटा दगड बसवलेला, पडणाऱ्या पाण्यानं पाया उकरू नये म्हणून. हा दगड दुसरं कुणी घालत नाही. आमच्या खात्यातसुद्धा यावरून मला हसायचे. ही खोड जगात फक्त माझी.

हे मी तिला सांगितलं होतं. शाळेच्या भिंतीसाठी. मांस निवत असताना.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. छत्री कधी मिटली तेही कळलं नाही. मग कुणीतरी "पू, काय करायचं?" म्हणून ओरडलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भोकांत सळया घालू नका अजून! आधी वरचा चर मोकळा करा. मग भोकं, खालच्या ओळीपासून!" सगळे धावले. कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं, नुसता क्रम हवा होता. बायका पुआन खोचून चरात उतरल्या. दुपारपर्यंत एकेक नळी खोकत, तांबडा चिखल थुंकत मोकळी झाली आणि पाणी धो धो वाहू लागलं. भिंत हलली नाही.

बुआंगा माझ्याशेजारी येऊन बसला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

मी विचारलं, "हे केव्हा झालं?"

"एकदम नाही झालं. पहिल्या पावसाळ्यातच भिंतीनं पोट काढलं होतं, तू म्हणाला होतास तसं. माझी तुझ्याकडे यायची छाती झाली नाही. सांगखुमी म्हणाली, मी बघते. मग दर पावसाळ्याआधी थोडं थोडं."

"आणि सगळ्यांना ठाऊक होतं?"

"रविवारच्या शाळेतल्या पोरांनासुद्धा."

"मला कुणी बोललं नाही!"

"तिनं बजावलं होतं. म्हणाली, त्यांना कळलं की ते सांगायचे बंद होतील. मग भिंतही जाईल आणि..." तो हातावरचा चिखल खरवडू लागला.

"आणि काय?"

"आणि आमचं जेवतानाचं बोलणंही जाईल, म्हणाली."

मी काठी टेकत उठलो आणि घरी आलो.

बुधवार, १० जून

दार उघडलं नाही. ताप नाही, सर्दी नाही, राग आहे. अख्खी वस्ती माझ्या पाठीमागे माझ्याच भोकांची साफसफाई करत होती आणि मी वरच्या पायऱ्यांवरून ताठ मानेनं ये-जा करत होतो! "ओव्हरसीअरबाई" म्हणे. एंगीलाही ठाऊक होतं. फोनवर म्हणाली, "पा, आई सांगायची, तुमच्या भिंतीचा नमुना बघायला पलीकडच्या वस्तीतले लोक येऊन गेले. तेव्हा ती किती मिरवत होती!"

मिरवत होती. कुठं? माझ्यासमोर तर कधी मिरवली नाही.

कधी तिचा अभिमान वाटतो, कधी तिला जाब विचारावासा वाटतो. एकही गोष्ट धड ठरत नाही. घरात येरझाऱ्या घालतोय. शेजारची बाई दोनदा भाजी ठेवून गेली. म्हणे, जास्त झाली होती.

शनिवार, १३ जून

बुआंगाच्या घरी गेलो. म्हटलं, "कागद दे."

"वाचणार तू?"

"कागद माझा आहे."

त्यानं दिला. वर काही बोलला नाही, हे बरं केलं. त्याची बायको मात्र आतून ओरडली, "कोटाला इस्त्री आहे का, पू? की आणून देता?" कोट नेऊन दिला. टाय सापडला नाही. सांगखुमीनं कुठं ठेवला असेल, तीच जाणे.

रविवार, १४ जून

गेलो.

दारातच अडलो. पुरुषांच्या बाजूला बसायचं एवढं आठवत होतं, पण कुठल्या बाकावर? झोवा सरकला आणि त्यानं मला ओढून बसवलं. ढोल वाजला. इतकी वर्षं तो घरातून ऐकला होता, आतून फार मोठा वाटतो. समोर बायकांची बाजू. तिथं कुठंतरी ती बसत असणार. ती नेमकी कुठं बसायची हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.

बुआंगानं नाव घेतलं. उठलो, पुढे गेलो, कागद उघडला. "सांगखुमी. जन्म लुंगलेईकडच्या खेड्यात." वाचलं. "शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका." वाचलं. "निवृत्तीनंतर चर्चची अखंड सेवा." इथं कागद घडी करून खिशात घातला.

म्हटलं, "हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मला जे ठाऊक आहे ते सांगतो. माझी बायको माझ्याशी खोटं बोलायची. रोज, जेवताना."

मागे कुणीतरी हसलं. मग बाकाबाकातून हसू फुटलं. पी छुआनी तोंडात पुआनचं टोक कोंबून गदगदा हलत होती. मीही हसलो. मग भिंतीची सगळी गोष्ट सांगितली, बोटानं हवेत भिंत काढून. चपट्या दगडाचंही सांगितलं. सांगता सांगता कुठं ओरडलोही असेन, सवयच आहे.

शेवटी म्हटलं, "माझ्याकडून तिनं चर्चचं काम करून घेतलं आणि मला कळूही दिलं नाही. पण मला एकदाही म्हणाली नाही, की चर्चला चला. मला वाटायचं, तिला माझी पर्वा नाही."

बायकांच्या बाजूनं छुआनीची सासू बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "म्हटलं असतं तर आला असतात का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"नाही," मी म्हणालो.

"मग?" म्हातारी म्हणाली.

पुन्हा सगळे हसले, पण या वेळी बरेच जण डोळे पुसत होते. बुआंगानं माझ्या दंडाला धरून मला जागेवर नेलं.

घरी आलो. कोट काढला. ऊन उतरायच्या आत भात लावला, पाल्यात मांस शिजवलं, टेबलाशी बसलो. समोरच्या जागेकडे बघून सकाळपासून मनात साठलेलं मोठ्यानं बोललो. इथंही लिहून ठेवतो, म्हणजे निदान कुठंतरी राहील. म्हातारीला उत्तर दिलं ते खरं होतं, पण अर्धंच होतं. एकदा तरी विचारायचं होतंस, सांगखुमी. मी नाहीच म्हटलं असतं. दुसऱ्यांदा विचारलं असतंस, तर आलो असतो.